स्विचला शेजारी दिसतात कसे? तारकर्लीतले तीन फोन आणि एलएलडीपी

माडाखालचा

मालवण ते वेंगुर्ला पट्ट्यातल्या लॉज-रिसॉर्टवाल्यांची नेटवर्कची कामं मी करतो. कॅमेरे, वायफाय, खोल्यांतले फोन, जे पडेल ते. सध्या तारकर्लीतल्या एका रिसॉर्टात गाडी अडली आहे.

मांडणी अशी. रिसेप्शनच्या मागच्या खोलीत २४ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणारा. प्रत्येक कॉटेजमध्ये एक आयपी फोन आणि एक ॲक्सेस पॉइंट. (भिंती चिऱ्याच्या, त्यामुळे एका कॉटेजचं वायफाय शेजारच्या कॉटेजात धड पोचत नाही.) फोनांसाठी व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) २०, पाहुण्यांसाठी ३०. खोल्यांच्या सगळ्या पोर्टांचं कॉन्फिगरेशन एकसारखं आहे: ३० टॅगशिवाय, २० टॅग लावून (टॅग म्हणजे डेटाच्या पाकिटावर लिहिलेला व्हीलॅनचा आकडा), व्हॉइस व्हीलॅन २०, एलएलडीपी (शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगायचा प्रोटोकॉल) चालू.

मेअखेरीस विजा झाल्या त्यात काही फोन जळाले. त्याच मॉडेलचे नवे आणले. पुढच्या कॉटेजांतले नवे फोन लावल्या लावल्या आपोआप २० मध्ये गेले, रिसेप्शनला रिंग वाजली. समुद्राच्या बाजूच्या तीन कॉटेजांतले मात्र पाहुण्यांच्या नेटवर्कचा आयपी घेऊन बसतात आणि रजिस्टर होत नाहीत. फोनांची अदलाबदल करून झाली. पुढचा फोन मागे नेला की तोही बिघडतो, मागचा पुढे आणला की शहाण्यासारखा वागतो. फर्मवेअर एकच. केबल टेस्टरवर आठही दिवे लागतात.

मालकाचं एकच पालुपद: "आधीचे चालत होते ना?" होते, खरंय. फोनच्या मेनूत जाऊन हाताने २० टाकला तर हेही चालतील, ते ठाऊक आहे. पण स्विच फोनला व्हीलॅन "सांगतो" म्हणजे नक्की काय करतो, आणि या तिघांनाच का सांगत नाही, ते समजून घ्यायचंय. इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढला.

पावसाळी केबल

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे देवगडला असंच काहीसं झालं होतं, कारण कधी कळलंच नाही.

खाडीपलीकडे

त्या तीन फोनांच्या पोर्टांचे दोन तक्ते टाका: मॅक ॲड्रेस टेबल आणि एलएलडीपी नेबर्स. अंदाज नंतर बांधू.

सोनचाफा

प्रश्न अगदी प्राथमिक आहे, हसू नका. मी एका शाळेत संगणक शिकवते, लॅबही मीच बघते. हे दोन तक्ते वेगळे कशाला? कोण कुठल्या पोर्टला आहे हे स्विचला एकदा कळलं की झालं ना?

जेटी

सोनचाफाताई, प्रश्न मुळीच प्राथमिक नाही. निम्मा गोंधळ इथेच होतो.

मॅक तक्ता स्विच चोरून ऐकून बनवतो. पोर्टवर आलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा क्रमांक, असतो, तो वाचून पोर्टापुढे लिहितो. पाठवणाऱ्याला याची खबरही नसते. बहुतेक स्विचांत ३०० सेकंद त्या पत्त्यावरून काही आलं नाही की नोंद पुसली जाते. या तक्त्यातून एवढंच कळतं की अमुक पत्ता अमुक पोर्टाच्या दिशेला आहे. तो केबलच्या थेट दुसऱ्या टोकाला आहे की मध्ये आणखी चार डबे आहेत, तो फोन आहे की टीव्ही, यातलं काही कळत नाही.

शेजाऱ्यांचा तक्ता समोरच्याने स्वतःहून दिलेल्या माहितीतून बनतो. त्यासाठीचा प्रोटोकॉल म्हणजे एलएलडीपी, आयईईई ८०२.१एबी, पहिली आवृत्ती २००५ ची. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली बोली होती. सिस्कोचा सीडीपी १९९४ पासूनचा, तो अजूनही जिवंत आहे. एका कंपनीचा फोन आणि दुसऱ्या कंपनीचा स्विच असला की पंचाईत, म्हणून सगळ्यांसाठी एक मानक आलं.

एलएलडीपीची फ्रेम छोटी असते. तिच्यात माहितीचे तुकडे एकामागून एक लावलेले असतात. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर १६ बिट: ७ बिटांत हा तुकडा कसला आहे ते, ९ बिटांत तो किती लांब आहे ते. नऊ बिटांमुळे एका तुकड्यात जास्तीत जास्त ५११ बाइट मावतात. पहिले तीन तुकडे सक्तीचे आणि क्रमही ठरलेला: मी कोण (चॅसिस आयडी), माझं कुठलं पोर्ट (पोर्ट आयडी), आणि ही माहिती किती सेकंद खरी धरायची (टीटीएल). बाकी ऐच्छिक: नाव, वर्णन, मॅनेजमेंटचा आयपी, मी ब्रिज (म्हणजे स्विचसारखा) आहे की राउटर की टेलिफोन. १२७ क्रमांकाचा प्रकार संस्थांसाठी मोकळा सोडलाय, ज्याला जी भर घालायची ती त्याने त्यात घालावी. तुमच्या व्हॉइस व्हीलॅनची गोष्ट याच १२७ मध्ये दडली आहे.

साधारणपणे दर ३० सेकंदांनी फ्रेम जाते आणि टीटीएल त्याच्या चौपट, म्हणजे १२० सेकंदांच्या आसपास. तेवढ्यात पुन्हा ऐकू आलं नाही तर शेजाऱ्याचं नाव तक्त्यातून कटाप.

रापणकार

माझ्या डोक्यावरसून गेला सगळा. म्हणजे स्विच फोनाक इचारता, "बाबा रे, तू कोण?" आणि फोन सांगता. असाच ना?

जेटी

रापणकार, नाही! एलएलडीपीत विचारणं हा प्रकारच नाही. प्रश्न नाही, उत्तर नाही, "मिळालं" असा निरोपही नाही. प्रत्येक जण आपापली दवंडी पिटतो, आणि ती वेशीबाहेर जात नाही. ऐकणारा ऐकतो, टिपून ठेवतो. ऐकणारा कुणी नसला तरी दवंडी चालूच. स्विच आणि फोन माहितीची देवाणघेवाण करतात असं आपण सर्रास म्हणतो, पण तिथे चालतात ती दोन वेगळी एकतर्फी कामं. म्हणूनच एका बाजूला शेजारी दिसतोय आणि दुसऱ्या बाजूला नाही, असंही होऊ शकतं. पाठवणं आणि ऐकणं हे प्रत्येक पोर्टवर वेगवेगळं बंद करता येतं.

एकदोन जागी किंचित संभाषणासारखं वागणं आहे, ते खाली लिहितो. जेवून येतो.

रापणकार

बरा. जेवन् या.

जेटी

आलो. तर फोनांसाठी एलएलडीपीला २००६ मध्ये एक पुरवणी जोडली गेली, टीआयए-१०५७. तिला सगळे एलएलडीपी-मेड म्हणतात. तीत टोकाच्या उपकरणांचे तीन वर्ग केलेत: पहिला अगदी साधी उपकरणं, दुसरा आवाज-चित्र हाताळणारी, तिसरा माणूस थेट वापरतो ती, म्हणजे आपला आयपी फोन.

घटनाक्रम पाहा. केबल लागते, फोन चालू होतो, लिंक येते. फोन आपली फ्रेम पाठवतो आणि तीत मेडचा तुकडा घालतो: मी तिसऱ्या वर्गातला. तोवर स्विच त्या पोर्टवर साधं एलएलडीपीच पाठवत असतो, मेडचं अवाक्षर नाही. समोरून मेड ऐकू आलं की मगच तो आपल्या फ्रेमांत मेडचे तुकडे घालू लागतो, आणि ३० सेकंदांची वाट न बघता सुरुवातीच्या काही फ्रेमा सेकंदासेकंदाला सोडतो, कारण फोन बूट होताना ताटकळत असतो. या फ्रेमांत "नेटवर्क पॉलिसी" नावाचा तुकडा असतो: आवाजासाठी व्हीलॅन २०, टॅग लावून, प्राधान्य ५, डीएससीपी (आयपीच्या पातळीवरची प्राधान्याची खूण) ४६, असा काहीसा. फोन तो वाचतो, पुढच्या सगळ्या फ्रेमांना २० चा टॅग लावतो आणि मगच डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी मागतो.

ही पॉलिसी ठरावीक सेकंदांत कानावर आली नाही तर बरेच फोन आणखी थांबत नाहीत. टॅगशिवाय आयपी मागतात. टॅगशिवाय म्हणजे तुमच्याकडे ३०, पाहुण्यांचं नेटवर्क.

माडाखालचा, तुमच्या तीन फोनांनी नेमकं हेच केलंय. प्रश्न एवढाच की फ्रेम अडली कुठे.

माडाखालचा

जेटी, फार सुरेख उलगडलंत. तक्ते आणले. पुढच्या कॉटेजचं एक पोर्ट, क्रमांक ६: मॅक तक्त्यात दोन नोंदी. फोनचा पत्ता व्हीलॅन २० मध्ये आणि पुन्हा तोच ३० मध्ये, बहुधा बूट होतानाचा. शेजाऱ्यांत एक ओळ, फोनचं मॉडेल, वर्ग तिसरा, फर्मवेअर, सीरियल नंबरसकट.

मागच्या तीनही कॉटेजांच्या केबली एकत्र येऊन पोर्ट १४ ला लागल्यात. तिथे मॅक तक्त्यात सात पत्ते, सगळे व्हीलॅन ३० मध्ये. शेजाऱ्यांच्या यादीत १४ समोर काहीच नाही.

खाडीपलीकडे

"एकत्र येऊन" हे शब्द मघाशी लिहिले असतेत तर माझा चहा गार झाला नसता. :)

एका पोर्टला तीन कॉटेजांच्या केबली लागतातच कशा? आणि ते तीन फोन विजेवर कशाने चालतात? ॲडॉप्टर लावलेत का?

माडाखालचा

हो, त्या तिघांना भिंतीतल्या प्लगवरून ॲडॉप्टर आहेत. आधीच्या माणसाने तसंच करून ठेवलं होतं. मला वाटलं केबलची लांबी जास्त म्हणून असेल.

खाडीपलीकडे

मग मामला मिटला. मध्ये कुठेतरी साधा पाच किंवा आठ पोर्टवाला डबा (काही सेटिंग नसलेला स्विच) बसलाय. तो पीओई पुढे देत नाही म्हणून ॲडॉप्टर आले. तो एलएलडीपीही पुढे देत नाही म्हणून शेजाऱ्यांची ओळ रिकामी. मॅक पत्ते मात्र त्याच्यातून आरपार दिसतात, म्हणून सात.

आणि आधीचे फोन चालत होते याचं कारण, आधीच्या माणसाने त्यांत हाताने २० टाकला असणार. साधा डबा व्हीलॅनच्या टॅगकडे बघतही नाही, फ्रेम आली तशी पुढे ढकलतो. त्यामुळे हाताने घातलेला टॅग सुखरूप पोचत होता. फोन जळाले, त्यांच्याबरोबर त्यांतला आकडाही गेला.

चिरेबंदी

खाडीपलीकडे, थोडा आक्षेप. साधे डबे एलएलडीपी अडवतात हे सरसकट खरं नाही. माझ्याकडे गुहागरला एका पोर्टवर चक्क दोन शेजारी दिसतात, एक फोन आणि एक ॲक्सेस पॉइंट, आणि मध्ये बाजारातला सर्वांत स्वस्त स्विच आहे.

जेटी

दोघंही बरोबर. फ्रेम कुठल्या पत्त्यावर जाते ते बघा: ०१-८०-सी२-००-००-०ई. ०१-८०-सी२-००-००-०० पासून ०एफ पर्यंतचे सोळा पत्ते मानकाने राखून ठेवलेत. मानक पाळणाऱ्या ब्रिजने यांवर आलेली फ्रेम पुढे पाठवायची नाही, कळली तर स्वतः वापरायची, नाहीतर टाकून द्यायची. यामुळेच एलएलडीपी एका केबलपुरती राहते आणि "शेजारी" या शब्दाला अर्थ उरतो. पण काही स्वस्त डबे एवढा विचार करत नाहीत. मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीची फ्रेम) दिसलं की सगळीकडे उधळून मोकळे. चिरेबंदींचा डबा त्यांतला. तसा डबा तारकर्लीला असता तर हा धागाच निघाला नसता, आणि एक चुकीची मांडणी तशीच झाकून राहिली असती.

लिनक्सवर ब्रिज केलात तर तोही मानक पाळून एलएलडीपी अडवतो. मुद्दाम सोडायची असेल तर एक मास्क बदलावा लागतो. व्हर्च्युअल मशीनवाले यात हमखास अडकतात.

सीडीपीचं उलट आहे. तो ०१-००-०सी-सीसी-सीसी-सीसी या सिस्कोच्या पत्त्यावर जातो, दर ६० सेकंदांनी, १८० सेकंद टिकतो. बाकीच्यांच्या लेखी तो चारचौघांसारखा मल्टिकास्ट, म्हणून साध्या स्विचातून सहज पार होतो. मग दोन डबे पलीकडचा राउटर केबलच्या टोकाला असल्यासारखा दिसतो.

पावसाळी केबल

अच्छा!! देवगडला आमच्या राउटरला गोदामातला राउटर थेट शेजारी दिसायचा आणि मधला स्विच गायब. आम्ही केबलचा माग काढून दमलो होतो.

पावसाळी केबल

प्रतिसाद काढून टाकला आहे. दोनदा पडला, रेंज गंडली आहे.

माडाखालचा

सापडला. मधल्या कॉटेजच्या माळ्यावर, टीव्हीच्या डिशच्या वायरींच्या गुंत्यात, पाच पोर्टचा प्लास्टिकचा डबा. वर कौलांतून झिरपलेल्या पाण्याचे डाग. पोर्टांतल्या पिना हिरव्या पडल्यात, खाऱ्या हवेने काय ते केलंय. एका पोर्टात मुंग्यांनी घर केलंय. पाचवं पोर्ट स्मार्ट टीव्हीला गेलंय. राहिलेले तीन पत्ते पाहुण्यांच्या मोबाइलांचे असावेत, टीव्हीच्या मागे कुणीतरी एक छोटा वायफाय राउटर ब्रिज करून लावलाय. तो कुणी लावला ते कुणालाच ठाऊक नाही. :(

आता करू काय? तीन नव्या केबली रिसेप्शनपर्यंत ओढायच्या तर वाळूत चर खणायचा, तोही पावसाच्या तोंडावर.

खाडीपलीकडे

केबली ओढूच नका. डब्याच्या जागी छोटा मॅनेज्ड पीओई स्विच बसवा. पोर्ट १४ वर २० आणि ३० दोन्ही टॅग लावून द्या, पुढची वाटणी छोटा स्विच करील. त्याच्यात एलएलडीपी-मेड आणि व्हॉइस व्हीलॅन असल्याची खात्री दुकानात उभे असतानाच करा. खोक्यावर "स्मार्ट" लिहिलेल्या काही स्विचांत एलएलडीपी असतं, मेड नसतं.

आणि तो माळ्यावर नको. भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीला, बंद पेटीत.

चिरेबंदी

स्वस्तात भागवायचं तर डीएचसीपीतून व्हीलॅन देणारे फोनही आहेत. फोन आधी ३० मध्ये येतो, तिथला सर्व्हर एका ऑप्शनात "२० मध्ये जा" सांगतो, फोन तिकडे जाऊन नवा आयपी घेतो. एलएलडीपी नसताना चालतं. पण प्रत्येक कंपनीचा ऑप्शन वेगळा आणि पाहुण्यांच्या डीएचसीपीत फोनांचा कारभार मिसळतो. मला आवडत नाही.

जेटी

मलाही नाही. काही स्विच फोनच्या मॅक पत्त्याचे पहिले तीन बाइट पाहून, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीवरून, त्याला व्हॉइस व्हीलॅनात टाकतात. तोही मार्ग आहे. पण पुढल्या वर्षी दुसऱ्या कंपनीचे फोन आले की यादीत भर घालायची आठवण कुणाला राहणार?

मालकाला खर्चाचं सांगताना फोनांवर भर देऊ नका, पीओईवर द्या. तीन ॲडॉप्टर जातात, आणि लाइट गेली तरी मुख्य स्विचसोबत छोटा स्विचही इन्व्हर्टरवर घेता येतो, मग फोन चालू राहतात. हे त्याला पटकन कळेल.

चिरेबंदी

पीओईचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं मांडतो, धागाकर्त्याची हरकत नसेल तर. समुद्राकडे तोंड करून बाहेर लावायचा ॲक्सेस पॉइंट आहे. ८०२.३एटीचा, म्हणजे जास्त विजेच्या पीओईचा, स्विचही एटीचाच. पण तो कायम "कमी वीज" मोडमध्ये अडकतो आणि एक रेडिओ बंद ठेवतो. केबल ४० मीटरच्या आत आहे. नवीन टाकली, तरी तेच.

माडाखालचा

हरकत कसली, मलाही हेच पुढे लागणार आहे.

जेटी

त्या पोर्टवर एलएलडीपी बंद आहे का?

चिरेबंदी

बाहेरच्या पोर्टांवर मुद्दाम बंद केलंय. सुरक्षिततेसाठी.

जेटी

तेच कारण असणार. पीओईत ओळखीचे दोन टप्पे आहेत. पहिला निव्वळ विद्युत. स्विच अगदी कमी व्होल्टेज देऊन पलीकडे २५ किलोओहमच्या आसपास रोध दिसतो का ते बघतो, दिसला तरच वीज सोडतो. म्हणून पीओई पोर्टात लॅपटॉप लावला तरी जळत नाही. मग वर्ग ठरतो. २००३ च्या ८०२.३एएफ प्रमाणे पोर्टवर कमाल १५.४ वॅट, उपकरणापाशी १२.९५. २००९ च्या एटीत ३० आणि २५.५. मधला फरक १०० मीटर केबलमध्ये तापून जाईल असा धरलेला.

एटीच्या उपकरणाला "तुला ३० वाला भेटलाय" हे दोन प्रकारे कळतं. एक, स्विच वर्गाची विद्युत खूण दोनदा करतो. दोन, वीज सुरू झाल्यावर एलएलडीपीतून. काही स्विच खूण एकदाच करतात आणि बाकीचं एलएलडीपीवर सोडतात. तिथे एलएलडीपी बंद असेल तर ॲक्सेस पॉइंट निमूटपणे १२.९५ वॅटवर राहतो आणि मग कुठला तरी रेडिओ मिटतो. चालू असेल तर तो आपल्या फ्रेममध्ये मागणी घालतो. मागणी दशांश वॅटमध्ये असते, म्हणजे १९.५ वॅट हवे असतील तर फ्रेममध्ये १९५ दिसतं. स्विच आपल्या फ्रेममध्ये किती मंजूर केलं ते लिहितो. मघाशी "किंचित संभाषणासारखं" म्हणालो होतो, ते मेडमध्येही आहे आणि इथे त्याहून जास्त आहे.

याचा दुसरा फायदा बजेटचा. ३७० वॅटचा २४ पोर्टी स्विच घ्या. १५.४ च्या हिशेबाने २४ पोर्ट भरतात, ३० च्या हिशेबाने १२ च. एलएलडीपीतून खरी गरज कळली की बरेच स्विच कमाल आकडा अडवून न ठेवता तेवढीच वीज राखतात.

चिरेबंदी

चालू केलं. केबल काढून लावली, दोन्ही रेडिओ आले!! एवढ्यासाठी मी शिडीवर चढून केबल बदलली होती, खाली माकडं आंब्याचा माज दाखवत बसलेली.

पण मग सुरक्षिततेचं काय? मी बंद केलं ते उगाच नव्हतं.

सोनचाफा

हेच विचारणार होते. फोनचं मॉडेल, फर्मवेअर, सीरियल नंबर, स्विचचा मॅनेजमेंट आयपी, हे सगळं उघड्यावर? आणि समोरचा जे सांगेल ते स्विच खरं मानतो?

जेटी

मानतो. एलएलडीपीत ओळखपत्र तपासणं नाही, मजकूर झाकलेला नाही. पाहुण्याने खोलीतल्या फोनची केबल लॅपटॉपला लावली आणि वायरशार्क (केबलवरच्या फ्रेमा दाखवणारा प्रोग्राम) उघडला तर अर्ध्या मिनिटात स्विचचं नाव, मॉडेल, पोर्ट आणि आयपी त्याच्या पडद्यावर. लॅपटॉपवरून "मी तिसऱ्या वर्गाचा फोन" अशी फ्रेम सोडली की व्हॉइस व्हीलॅनचा आकडाही हाती येतो. आणि ऐकणारा प्रोग्रामच कच्चा असेल तर वाकड्या फ्रेमने तो पाडता येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सीडीपी वाचणाऱ्या प्रोग्राममधल्या पाच त्रुटी एकदम जाहीर झाल्या होत्या, फोन-कॅमेऱ्यांपासून राउटरपर्यंत. पॅच आलेत, पण लॉजमधल्या फोनांचं फर्मवेअर कोण बदलतो?

म्हणून माझा हिशेब असा. इंटरनेटवाल्याकडे जाणाऱ्या पोर्टवर पाठवणं बंद, तिथे आपली माहिती द्यायचं काही कारण नाही. खोलीतल्या रिकाम्या सॉकेटवरही बंद. जिथे फोन किंवा ॲक्सेस पॉइंट आहे तिथे चालू, पण स्विचचं सविस्तर वर्णन आणि मॅनेजमेंट पत्ता पाठवू नका, ते तुकडे ऐच्छिक आहेत. फोनला त्यांची गरज नसते.

आणि व्हॉइस व्हीलॅनचा आकडा हे काही गुपित समजू नका. तो कळला तरी २० मधून फक्त एक्स्चेंजपर्यंत जाता येईल, हिशेबाच्या संगणकापर्यंत किंवा कॅमेऱ्यांपर्यंत नाही, असे नियम लावा. ८०२.१एक्स (पोर्टला लागणाऱ्या उपकरणाची ओळख तपासणं) जमलं तर उत्तमच, पण लॉजवाल्याकडे ते कोण सांभाळणार.

खाडीपलीकडे

यावर माझं मत जरा कडक आहे. खोलीत फोनच कशाला हवा? पाहुणा चहा मागवायलाही मोबाइलच काढतो. तीन फोन काढा, प्रश्न मुळापासून...

माडाखालचा

खाडीपलीकडे, धाग्याचा काश्मीर करू नका. :) तिकडे मागच्या कॉटेजांत मोबाइलला रेंज नाही, म्हाताऱ्या पाहुण्याला रात्री काही झालं तर हा फोनच आहे.

जेटी

मेडमध्ये एक तुकडा नेमका याच साठी आहे: ठिकाण. स्विच फोनला सांगू शकतो की "तू अमुक इमारतीत, अमुक खोलीत आहेस". अमेरिकेत ९११ ला फोन गेल्यावर एवढ्या मोठ्या इमारतीत माणूस शोधायचा कुठे, हा प्रश्न त्यामागे होता. फोन उचलून दुसऱ्या खोलीत नेला तरी पोर्ट बदलतं, म्हणून पत्ताही बदलतो. रिसॉर्टला एवढं नको. पोर्टच्या वर्णनात कॉटेजचं नाव लिहा आणि एक्स्चेंजमध्ये एक्स्टेन्शनला तेच नाव द्या, काम भागतं.

रापणकार

माझो मोबाइल वायफायवर आसा. म्हणजे माझी पण दवंडी स्विचाक ऐकाक येता?

जेटी

नाय! एलएलडीपी ॲक्सेस पॉइंट आणि स्विच यांच्यामधल्या केबलपुरती. तुमचा मोबाइल ती बोलत नाही. पण ॲक्सेस पॉइंट साधा ब्रिज असेल तर मोबाइलचा मॅक पत्ता स्विचच्या पहिल्या तक्त्यात दिसतो. तोही खरा असेलच असं नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला पत्ता देतात. त्यावरून पाहुणे मोजायला जाऊ नका.

सोनचाफा

माझ्या लॅबमध्ये स्विच मॅनेज्ड आहे, पण कुठला पीसी कुठल्या पोर्टला याचा पत्ता नाही. पीसी एलएलडीपी बोलू शकतात का?

जेटी

लिनक्सवर एलएलडीपीडी नावाचा मुक्त प्रोग्राम बसवा. पीसी स्वतःचं नाव सांगू लागेल, आणि त्याची एलएलडीपीसीटीएल ही कमांड चालवली की तो पीसी स्विचच्या कितव्या पोर्टला आहे ते तिथेच दिसेल. टेबलाखाली वाकायला नको. पुढे जायचं तर प्रत्येक स्विचचा शेजाऱ्यांचा तक्ता एसएनएमपीवरून (उपकरणांची माहिती दुरून वाचायचा प्रोटोकॉल) गोळा करून सगळ्या नेटवर्कचा नकाशा आपोआप काढणारे प्रोग्राम आहेत.

एक गोष्ट बघून गोंधळू नका. स्विच शेजाऱ्याला चॅसिस आयडी आणि पोर्ट आयडी या जोडीवरून ओळखतो. काही फोन चॅसिस आयडी म्हणून आपला आयपी देतात. आयपी बदलला की स्विचला तो नवा शेजारी वाटतो आणि जुन्या ओळीचा टीटीएल संपेपर्यंत एकाच फोनच्या दोन ओळी दिसतात.

पावसाळी केबल

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अलिबागकडे मित्राच्या ऑफिसचं छप्पर उडून रॅकवरची सगळी लेबलं वाहून गेली होती. स्विच वाचला. तो चालू केला आणि शेजाऱ्यांची यादी बघून त्यांनी केबली पुन्हा ओळखल्या. ज्यांनी नावं नीट दिली होती त्यांचंच काम पटकन झालं. बाकीच्या ओळींत कारखान्यातून आलेलं नाव, सगळ्यांना एकच.

माडाखालचा

नवा छोटा स्विच बसवला, खाडीपलीकडे म्हणाले तसा पेटीत. पोर्ट १४ समोर आता एक शेजारी, हाच छोटा स्विच. त्याच्या यादीत तीन फोन. तिघेही २० मध्ये, ॲडॉप्टर काढून टाकले. टीव्हीमागचा बेवारस राउटर रिसेप्शनच्या खणात जमा आहे, हक्क सांगायला कुणी आलं नाही.

शेवटची शंका. आवारातले कॅमेरे एकाही स्विचच्या यादीत दिसत नाहीत. पीओईवर चालतात, चित्र येतं, रेकॉर्डरला ते आपोआप सापडतातही. मग इथे का नाहीत?

जेटी

रेकॉर्डर त्यांना वेगळ्या वाटेने शोधतो. ऑनव्हिफवाले (आयपी कॅमेऱ्यांचं सामाईक मानक पाळणारे) कॅमेरे डब्ल्यूएस-डिस्कव्हरी वापरतात: रेकॉर्डर २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट पत्त्यावर, यूडीपी ३७०२ वर "कोण आहे?" असं खरोखर विचारतो आणि कॅमेरे उत्तर देतात. ती आयपीच्या पातळीवरची गोष्ट. स्विच फक्त पोस्टमन, आतलं पत्र वाचत नाही.

एलएलडीपी बऱ्याच कॅमेऱ्यांत असतं पण बंद असतं. कॅमेऱ्याच्या पानावर नेटवर्कच्या ॲडव्हान्स्ड भागात पाहा. मिळालं तर एकावर चालू करून अर्ध्या मिनिटाने यादी बघा. अजिबातच नसेल तर मॅक तक्त्यावरून पोर्ट शोधा आणि वर्णनात हाताने लिहा: "गेट", "विहीर", "पार्किंग".